अडतीस पॉइंट एक

पॉवर हाउसच्या स्टॉपला उतरलो.
खिशात पितळेची चकती, रुमालात गुंडाळलेली,
व्हर्नियरवर तीनदा मोजलेली:
अडतीस पॉइंट एक.

नाना पेठेत क्लच प्लेटा, शॉकअप, मडगार्डं,
त्यांच्या डोक्यावरून लोखंडी जिना,
आणि वर बागवानांच्या तन्वीरचं दुकान.
पाटी नाही. दारावर एक काळी तबकडी
खिळ्यानं ठोकलेली.
तडकलेली होती, काका, तो म्हणाला,
चांगली कोण ठोकेल?

आत डाळिंबाच्या क्रेटमध्ये रेकॉर्डी.
बाप अजून मार्केट यार्डात
कलिंगड वाजवून हातात देतो.
पोरगा तबकडी ट्यूबलाइटखाली तिरपी धरून बघतो.
दोघांची मान म्हणे एकाच बाजूला कलते.
कोपऱ्यात एक मुलगी, हेडफोन एकाच कानावर,
क्रेटमधली कव्हरं बोटानं मागं सारत होती,
बँकेतला कॅशियर नोटा मोजतो तशी.
कव्हरांवर गायक नाही, नटी नाही,
नुसता नंबर आणि कुठल्या तरी गावाचं नाव,
आमच्या ड्रॉइंगवर असायचं तसं.

यात गाणी नसतात हं, तन्वीर म्हणाला, नुसता ठोका.
म्हटलं, अरे,
ठोक्यातच गेली चौतीस वर्षं.

अमेरिकेतून आलेल्या काहींना मधे हे मोठं भोक.
त्यात माझी चकती बसली.
ढिली नाही, आवळून नाही.
बसताना आतली हवा बारीकशी सुटली,
ती ऐकू आली मला. उजव्या कानानं.
डावा प्रेस-शॉपमध्ये ठेवून आलोय.

फिरत्या थाळीच्या कडेला ठिपके, शेजारी लाल दिवा.
पळता पळता ते ठिपके
जागच्या जागी उभे राहिले.
वेग बरोबर असला की थांबल्यासारखे दिसतात, तो म्हणाला.

मग ठोका.
कानात नाही, बरगड्यांत.
खिडकीची काच, जिना, खालची मडगार्डं, सगळं त्यात.
खालच्या लोढांनी झाडूच्या दांड्यानं
छताला तीन दणके दिले,
जरा उशिरा, तालाबाहेर.
मुलगी हसली.
मी सुईकडे बघत होतो.

हे कापतात कशावर रे?
लेथवर, काका.

लेथवर.
बाहेरून आत, एकच आटा, एका दमात.
टूल थरथरतं आणि ती थरथर म्हणजेच माल!
आमचं टूल थरथरलं की आम्ही मान खाली घालायचो.
फेसिंगवर लहरी उमटल्या
की साळसकर साहेब नखानं जॉब खरवडायचे.
'चॅटर.' लाल खडूची फुली.
डोक्यावरून क्रेन गेली ती रात्र,
शेजारच्या मशीनवर रंगनाथ टिळेकर
शिट्टी वाजवायचा तो अख्खा उन्हाळा,
थोरलीचा निकाल होता तो गुरुवार,
सगळं उतरलं असणार त्या लोखंडात.
किलोच्या भावानं भंगारात गेलं.
सुई ठेवून बघायचं
कुणाच्या डोक्यात आलं नाही. माझ्याही नाही.

पैसे किती, तन्वीरनं विचारलं.
म्हटलं, हीच परत लाव.

रात्री भोसरीत, घरी.
स्वयंपाकघराचं दार वाऱ्यानं आपटू नये म्हणून
एक फ्लॅंज लावलेली असते,
अठ्ठ्याऐंशी सालची, रिजेक्ट,
फुली कधीच पुसून गेलेली.
ती उचलली. भिंतीला टेकून फरशीवर बसलो
आणि अंगठ्याचं नख कडेपासून मध्यापर्यंत
हळूहळू फिरवत नेलं.
खर्र, खर्र, मधेच काहीतरी वेगळं, पुन्हा खर्र.
पुन्हा कडेपासून.

हिनं दारातून पाहिलं.
काय चाललंय, विचारलं नाही.
आत जाऊन
टीव्हीचा आवाज कमी केला.